गाठीतील जनुके काय सांगतात?



मागील हिवाळ्यात एका रविवारी वंदना संपली, चहा झाला, आणि आमच्यातील एका ताईंनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून पुढे केला. अंडाशयाच्या कर्करोगावरील त्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. रुग्णालयाच्या त्या पत्रात ‘बीआरसीए-१ मध्ये रोगकारक बदल’ आणि ‘गाठ एचआरडी पॉझिटिव्ह’ असे दोन निष्कर्ष होते. ताईंनी एवढेच विचारले, “ही बातमी चांगली म्हणायची की वाईट?” आमच्यात अभियंते आहेत, परिचारिका आहेत, लेखापाल आहेत, पण त्या क्षणी कोणालाही नेमके उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते आपल्या कुटुंबांपुढे ठेवत आहोत.

उशिरा कळणारा आजार

ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे साडेसात हजार स्त्रियांना अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान होते. पोट सतत फुगणे, थोडे खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे, ही त्याची लक्षणे. ती इतकी साधी असतात की ताईंनीही पाच महिने ओवा आणि गरम पाणी यांवर काढले; आणि ज्या दवाखान्यात त्या दोनदा गेल्या, तेथेही पचनाची तक्रार म्हणून गोळ्याच मिळाल्या. विशेषतः पन्नाशीनंतर अशी लक्षणे महिन्यात बारापेक्षा अधिक वेळा जाणवली, तर सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी, असे येथील ‘नाइस’ या संस्थेचे मार्गदर्शन सांगते. तशी मागणी करणे हा आपला हक्क आहे, उद्धटपणा नव्हे.

लक्षणे नसलेल्या सर्वच स्त्रियांची सरसकट चाचणी का होत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर ती करून पाहिली गेली. 2021 साली जाहीर झालेल्या अंतिम निष्कर्षानुसार तिने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून लक्षणे घेऊन येणाऱ्या स्त्रीचे निदान अचूक करण्यावर भर आला. या कामात आपले शहर पुढे आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या प्राध्यापिका सुधा सुंदर यांच्या नेतृत्वाखालील ‘रॉकेट्स’ अभ्यासाचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत जुन्या पद्धतीने 83 टक्के कर्करोग ओळखले जात होते. सोनोग्राफीवर आधारलेल्या ‘एडनेक्स’ पद्धतीने ते प्रमाण 96 टक्क्यांपर्यंत गेले.

एकच नाव, निरनिराळे आजार

निदान झाल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो: आजार कोणत्या वळणाने जाईल? पूर्वी याचे उत्तर आजाराचा टप्पा आणि शस्त्रक्रियेनंतर उरलेली गाठ यांवरूनच दिले जाई. आता गाठीच्या पेशींतील जनुकेही वाचली जातात.

2011 साली अमेरिकेतील ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ प्रकल्पाने या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या, आक्रमक प्रकाराच्या 489 गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी 96 टक्के गाठींत टीपी-५३ हे जनुक बिघडलेले होते. म्हणजे हा बिघाड जवळजवळ सर्वांमध्ये समान असल्याने त्यावरून एका रुग्णाचे भवितव्य दुसरीपेक्षा वेगळे सांगता येत नाही. वेगळेपण दुसऱ्या ठिकाणी सापडले. सुमारे निम्म्या गाठींत डीएनएची तुटलेली दोरी अचूक सांधण्याची यंत्रणा मोडलेली होती. याच दोषाला एचआरडी म्हणतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके त्या यंत्रणेचे मुख्य कारागीर होत.

येथे एक विलक्षण गोष्ट घडते. जो दोष कर्करोगाला जन्म देतो, तोच पुढे त्याचा दुबळेपणा ठरतो. प्लॅटिनमवर आधारलेली केमोथेरपी डीएनए मोडते. ज्या पेशीला ते सांधता येत नाही, ती मरते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, 26 अभ्यासांची माहिती एकत्र करणाऱ्या विश्लेषणात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण असे आढळले: बदल नसलेल्या स्त्रियांत 36 टक्के, बीआरसीए-१ मध्ये बदल असलेल्यांत 44 टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये बदल असलेल्यांत 52 टक्के. मात्र दीर्घ काळात, दहा वर्षांच्या सुमारास, हा लाभ ओसरत जातो, हेही नंतरच्या अभ्यासातून दिसले.

याउलट काही गाठींत सीसीएनई-१ या जनुकाच्या अनेक जादा प्रती असतात. अशा गाठींची दुरुस्ती-यंत्रणा बहुधा शाबूत असते आणि त्या प्लॅटिनमला सहज दाद देत नाहीत. अशा स्त्रियांसाठी नवी औषधे शोधण्याचे काम अजून चालू आहे.

भाकितातून उपचाराकडे

केवळ भविष्य सांगून रुग्णाचे काय भले होणार? या विज्ञानाचे मोल उपचारात आहे. 2005 साली ब्रिटनमधील संशोधकांच्या दोन गटांनी दाखवून दिले की बीआरसीए बिघडलेल्या पेशींत ‘पार्प’ हा दुरुस्तीचा दुसरा मार्गही रोखला, तर त्या पेशी तग धरत नाहीत. निरोगी पेशींपाशी पहिला मार्ग शिल्लक असतो, म्हणून त्या वाचतात. ओलापरिब हे औषध याच तत्त्वावर आधारलेले आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सोलो-१’ चाचणीत बीआरसीए बदल असलेल्या, केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या स्त्रियांना ते देण्यात आले. तीन वर्षांनंतर आजार न बळावता जगणाऱ्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत 60 टक्के, तर औषधाविना 27 टक्के होते. सात वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे 67 आणि 46.5 टक्के भरले.

म्हणजे ताईंच्या प्रश्नाचे उत्तर असे: कर्करोग ही वाईटच बातमी, परंतु त्या कागदावरील दोन्ही निष्कर्ष उपचाराची वाट दाखवणारे आहेत. तरीही ही टक्केवारी समूहाची असते, एका व्यक्तीची नव्हे. काही गाठी कालांतराने बिघडलेले जनुक पुन्हा कामाला लावतात आणि औषध निष्फळ होते. जनुके शक्यता सांगतात, निकाल देत नाहीत.

कुटुंबापर्यंत पोहोचणारा कागद

गाठीतील बदल केवळ गाठीतच निर्माण झाला आहे की जन्मतः लाभला आहे, हे रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीतून कळते. ताईंचा बदल जन्मजात निघाला. असा बदल प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि तो वडिलांकडूनही येतो. बीआरसीए-१ मध्ये बदल असलेल्या स्त्रीला ऐंशी वर्षांपर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 44 टक्के असते. सर्वसामान्य स्त्रीला ती सुमारे 2 टक्के. “आमच्या घरात कोणालाच नव्हता” हा दिलासाही पुरेसा नाही. 2012 सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात असे बदल आढळलेल्या रुग्ण स्त्रियांपैकी 44 टक्के स्त्रियांच्या कुटुंबात या रोगाचा इतिहासच नव्हता.

ताईंची धाकटी बहीण आणि भाची नागपुरात आहेत. फोनवरून पहिला प्रतिसाद आला तो असा: “ही गोष्ट बाहेर सांगू नका, मुलीचे लग्न व्हायचे आहे.” दुसरा त्याहून जुना होता: “मागल्या जन्मीचे काहीतरी असेल.” बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासताना आनुवंशिकतेचाच आधार घेतला आहे. शरीर आई-वडिलांकडून येते, मग मागल्या जन्मीचे पाप त्यात शिरते कोठून? कार्याला कारण असते, आणि कारण कळले की त्यावर उपाय करता येतो. जनुकातील एका अक्षराची चूक हा कोणाचाही कलंक नाही.

आपली मोजणी

एक गोष्ट मात्र आम्हाला अस्वस्थ करते. जगातील जनुकीय माहितीचे साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. त्यामुळे आपल्यासारख्यांच्या अहवालात ‘बदल आढळला, पण अर्थ अनिश्चित’ हा शेरा अधिक वेळा येतो. 2017 साली दक्षिण आशियातील 263 समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 81 समूहांत मोजक्या पूर्वजांचा जनुकीय ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आढळला. शतकानुशतके जातीतच लग्ने केल्याचा तो परिणाम. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म म्हणून याच सजातीय विवाहावर बोट ठेवले होते. अश्केनाझी समाजाची मोजणी झाली, म्हणून इंग्लंडमध्ये ज्यू स्त्री-पुरुषांसाठी बीआरसीए तपासणीचा स्वतंत्र कार्यक्रम उभा राहू शकला. भारतातील अनेक केंद्रांच्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंडाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांत जन्मजात बीआरसीए बदल आढळला. ज्यांची मोजणी होत नाही, त्यांच्यासाठी योजनाही होत नाही, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपण काय करावे

या देशात अंडाशयाचा कर्करोग झालेल्या स्त्रीची आणि बदल सापडल्यास तिच्या नातेवाइकांची तपासणी एनएचएसमध्ये विनामूल्य होते. वेस्ट मिडलंड्सची प्रादेशिक जनुकीय प्रयोगशाळा आपल्याच शहरातील विमेन्स हॉस्पिटलमध्ये आहे. विमा नाकारला जाईल ही भीती अनेकांना वाटते. परंतु सरकार आणि विमा कंपन्यांमधील संहितेनुसार निरोगी व्यक्तीच्या बीआरसीए तपासणीचा निकाल कंपनी विचारात घेऊ शकत नाही. घरातील आजारांची तीन पिढ्यांची यादी करा. आजी कशाने गेली, हे गावाकडे फोन करून विचारा. इंग्रजीची अडचण असेल तर रुग्णालयाकडे दुभाषी मागा. लेकाला किंवा सुनेला मध्ये बसवून स्त्रीला संकोचात टाकू नका. संशोधनात सहभागाविषयी विचारणा झाली, तर नीट समजून घेऊन मगच निर्णय करा; पण केवळ भीतीपोटी नाही म्हणू नका.

ताईंचे ओलापरिब सुरू झाले आहे. थकवा येतो, रक्त कमी होते, तरी रविवारी त्या येतात. मागील महिन्यात त्यांनी आपल्या अहवालाची प्रत नागपूरला पाठवली. लग्नाची बोलणी चालू असतानाच भाचीने स्वतःहून तपासणीसाठी नाव नोंदवले. निकाल यायचा आहे. तो काहीही आला, तरी मावशीसारखे पाच महिने ओवा आणि गरम पाण्यावर घालवण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.

जय भीम.