भाव झोपलेले, भट्टी जागी

शहाबादी फरशी पायाखालून गेली नाही असा मराठी माणूस विरळाच. हुमनाबादहून निघावं, कमलापूरची लाल केळी मागे टाकत कलबुर्गी गाठावी आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटर पुढे जावं, की ही फरशी जिथे जमिनीतून थराथरांनी निघते ते शहाबाद लागतं. हा चुनखडीचा दगड. लादी करून अंथरला तर फरशी, दळून भाजला तर सिमेंट. निजामाच्या राज्यात, मुंबई-मद्रास लोहमार्गाला लागून, १९२० च्या दशकात इथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला. आणि पाचेक वर्षं होतात न होतात तोच जगभर महामंदी कोसळली.

कोसळली म्हणजे किती? कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक १९१४ साली १०० धरला, तर १९२९ मध्ये तो १४१ होता आणि १९३३ मध्ये ८७. शेतमालाचे भाव तर त्याहून खाली. हुमनाबादच्या बाजारात ज्वारी-तूर विकायला आणणाऱ्या शेतकऱ्याला तेवढ्याच पोत्यांचे निम्मे पैसे मिळायला लागले. शेतसारा आणि सावकाराचं व्याज यांना मात्र भाव पडल्याचं सोयरसुतक नव्हतं.

आता गंमत बघा. १९३४ साली निर्देशांक ८९, १९३५ आणि १९३६ साली ९१. भाव जागचे हलत नाहीत. आणि याच वर्षांत देशातलं सिमेंटचं उत्पादन चढत जातं. १९३० च्या आसपास पाच-सहा लाख टन, १९३८-३९ ला पंधरा लाखांच्या घरात. आपण समजतो, भाव वाढले की कारखानदाराला हुरूप येतो आणि मग धुराडं धूर ओकू लागतं. इथे धूर आधी आला, भाव १९३७ ला जेमतेम शंभरी ओलांडून गेले.

हे कसं घडलं याचं एक उत्तर पैशात आहे. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडलं, रुपया पौंडाला बांधलेला असल्याने रुपयांत सोन्याचा भाव चढला आणि अडलेल्या कुटुंबांनी पेटीतलं किडूकमिडूक बाजारात काढलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीनशे कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं. त्या अडचणीच्या विक्रीतून व्यापाऱ्यांच्या हाती रोकड खेळू लागली. पण ती गुंतवायची कुठे? पिकाला भाव नाही म्हटल्यावर शेतकऱ्याला कर्ज देण्यात राम उरला नव्हता. इंपीरियल बँकेचा दर १९३१ च्या अखेरीस ८ टक्के होता, तो १९३३ मध्ये साडेतीनवर आला. स्वस्त पैसा, स्वस्त मजूर, स्वस्त कच्चा माल, आणि परदेशी यंत्रवालेही गिऱ्हाइकाला हात जोडून उभे. मंदीने ज्याला बुडवलं त्याचंच नुकसान पलीकडच्या कारखान्याचं भांडवल झालं. मला तरी या सगळ्या हिशेबातली ही सर्वांत चक्रावणारी, आणि थोडी बोचणारी, बाब वाटते.

साखरेत हे उघड दिसतं. गुळाचे भाव कोसळल्यावर सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये स्वतःचा साखर कारखाना काढला, तेच अकलूजजवळचं माळीनगर. त्याच वर्षी सरकारने संरक्षणाचा कायदा करून जावाच्या साखरेवर जबर जकात बसवली. देशात तीसेक कारखाने होते, पाच-सहा वर्षांत ते १३० च्या वर गेले.

सिमेंटची तऱ्हा निराळी, आणि ती कळायला भट्टीपाशीच जायला हवं. लोखंडाचं प्रचंड नळकांडं, किंचित कललेलं, आतून अग्निविटांचं अस्तर, आणि ते अतिसावकाश फिरतंय. वरच्या तोंडातून चुनखडी-मातीचा लगदा आत जातो, खालच्या तोंडातून दगडी कोळशाच्या भुकटीची ज्वाला. तापत जाताना चुनखडीतला वायू उडून जातो, सुमारे १४५० अंशांना उरलेलं वितळायच्या बेतात येऊन गोळा होतं आणि करड्या-काळ्या गोट्या बाहेर पडतात. हे क्लिंकर. त्यात थोडं जिप्सम घालून दळलं की सिमेंट. पण ही भट्टी चुलीसारखी लहर आली तेव्हा पेटवून विझवता येत नाही. थंड झाली की विटा तडकतात, पुन्हा तापवायला वेळ आणि कोळसा जातो. त्यामुळे गिऱ्हाईक कमी झालं तरी मालक भट्टी चालू ठेवतो, माल साठतो आणि मग एकमेकांचे भाव पाडणं सुरू. शिवाय सिमेंट जड आणि स्वस्त. लांब पाठवलं तर रेल्वेचं भाडंच नफा खाऊन टाकतं.

म्हणून इथे मंदीतून वर येण्याची सुरुवात नव्या यंत्रांनी झाली नाही, ती हातमिळवणीने झाली. १९३० मध्ये विक्रीसाठी सिमेंट मार्केटिंग कंपनी निघाली. कोणत्या गावाला कोणत्या कारखान्याने माल द्यायचा हे ठरलं की भाड्याची उधळपट्टी थांबते. पुढे १ ऑगस्ट १९३६ रोजी टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशॉ या चार गटांच्या दहा कंपन्या एक झाल्या. तीच असोसिएटेड सिमेंट कंपनीज, म्हणजे एसीसी, आणि शहाबादही तिच्यात गेलं. जुळवाजुळवीत सर्वांत राबलेले दिनशॉ त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारले.

मागणी आली ती शहरांतून. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या गोलसर सज्जांच्या इमारती आणि शिवाजी पार्कातली मराठी मध्यमवर्गाची घरं याच दशकातली. सोनं-सावकारीतून सुटलेला पैसा विटा-सिमेंटात शिरला. त्याच मुंबईत गिरण्यांची सावरणी मात्र कामगारांच्या पगारकपातीवर चालली होती, आणि १९३४ च्या एप्रिलात तिथे मोठा संप झाला. ज्याची मजुरी कापली त्याला ‘मंदी सरली’ हे कुणी पटवून देऊ शकलं नसतं.

सिमेंटवाल्यांची चांदीही फार टिकली नाही. एकजुटीचा नफा बघून दालमिया उद्योगगटाने १९३७ च्या सुमारास स्वतःचे कारखाने उभारले, भाव पाडण्याची जुनी चढाओढ नव्याने पेटली, आणि १९४१ मध्ये एसीसी आणि दालमिया या दोघांनी एकत्र विक्रीचा करार केला. तोवर युद्धामुळे सिमेंटचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक सरकारच झालं होतं.