कामोल्यीचे दोन दिवस

इटलीला निघालेल्या मराठी कुटुंबाची सहल बहुतेक ठरलेली असते. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस झालं, की समुद्रासाठी दोन दिवस उरतात आणि त्यात चिंक्वे तेर्रेची पाचही गावं आणि जमल्यास पोर्तोफिनोही पाहायचं असतं. माझं म्हणणं एवढंच, की हे दोन्ही दिवस एकाच गावाला द्या. लिगुरियाच्या किनाऱ्यावरचं कामोल्यी मला त्यासाठी सर्वांत योग्य वाटतं. लिहिताना या नावात ‘ग’ येतो, बोलताना तो विरून जातो.

जेनोआहून पूर्वेकडे जाणारी साधी रेल्वे साधारण पाऊण तासात इथे सोडते. तिकीट कागदी असेल, तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्याच्यावर शिक्का उमटवून घ्यावा, नाहीतर तिकीट काढूनही दंड होतो. स्टेशन उंचावर आहे आणि बंदर खाली. मधे जिने आहेत, म्हणून पाठीवर मावेल एवढंच सामान बरं. घरातलं कुणी गुडघ्यांनी बेजार असेल, तर हॉटेल ठरवतानाच विचारावं, स्टेशनपासून पायऱ्या किती आणि इमारतीत लिफ्ट आहे का.

खाली उतरलं, की सहा-सात मजल्यांच्या अरुंद घरांची सलग भिंत समुद्राला सामोरी उभी दिसते. गेरू, पिवळा, गुलाबी असे तिचे रंग. जरा थांबून पाहावं. काही खिडक्या, चौकटी, कोरीव पट्ट्या खऱ्या नसतात, सपाट भिंतीवर रंगवलेल्या असतात. दर्यावर गेलेल्या माणसाला आपलं घर दुरून ओळखता यावं म्हणून हे रंग आले, असं सांगतात. गावाचं नावच ‘बायकांची घरं’ या अर्थाच्या शब्दांवरून पडलं, अशीही एक समजूत आहे. ती खरी असो वा नसो, पुरुष महिनोन्‌महिने समुद्रावर असत हे मात्र खरं. एकोणिसाव्या शतकात शिडाच्या जहाजांवर या गावाची भरभराट झाली. 1853मध्ये इथल्या जहाजमालकांनी एकमेकांच्या जहाजांचा विमा उतरवणारी परस्पर संस्था काढली. पुढे वाफेची जहाजं आली आणि शिडांचे दिवस सरले. आज गावाची वस्ती सुमारे 5 हजार. जुन्या जहाजांच्या प्रतिकृती आणि चित्रं इथल्या सागरी संग्रहालयात आहेत. ते छोटं आहे, पण चुकवू नये.

खरा प्रश्न पहिल्या दिवशी काय करायचं हा, कारण तो समुद्राच्या हाती आहे. डोंगरापलीकडच्या खाचेत सान फ्रुत्तुओझो नावाचा मठ आहे. तिथे मोटारीचा रस्ता नाही. बोटीने जायचं, नाहीतर पायी. बोटीला अर्धा तास लागतो, पण समुद्र खवळला की बोटी बंद. म्हणून हवा चांगली असेल, तर पहिल्याच सकाळी निघावं आणि दुसरा दिवस हाताशी ठेवावा. एकाच दिवसासाठी आलेल्यांची इथेच फसगत होते.

चालणाऱ्यांनी सान रोक्कोच्या चर्चपर्यंत पायऱ्या चढून, पुढे ऑलिव्ह आणि चेस्टनटच्या सावलीतून मठाकडे उतरावं. अडीच-तीन तास लागतात. परतीला बोट घ्यावी. मात्र शेवटची बोट किती वाजता, हे निघण्याआधीच धक्क्यावर पाहून ठेवावं.

मठाची सुरुवात दहाव्या शतकातली. जेनोआच्या डोरिया घराण्याच्या तेराव्या शतकातल्या समाध्या इथे आहेत, करड्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांच्या. शेजारचा चौकोनी बुरूज 1562चा, चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला. 1983मध्ये याच घराण्याने ही वास्तू इटलीच्या वारसा-निधीला दिली. समोरच्या पाण्यात सुमारे 17 मीटर खोलवर हात उंचावून उभा असलेला ब्राँझचा ख्रिस्त आहे. शिल्पकार ग्वीदो गाल्लेत्ती, साल 1954. दारिओ गोन्झात्ती या पाणबुड्याचा 1947मध्ये इथेच मृत्यू झाला होता. ज्यांना बुडी मारायची नाही त्यांच्यासाठी मठाच्या चर्चमध्ये या मूर्तीची प्रतिकृती आहे.

खाण्याची चिंता शाकाहारी माणसानेही करू नये. हरभऱ्याचं पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर भट्टीत भाजलेली फारिनाता आपल्या धिरड्याची सख्खी बहीण शोभेल. शेजारच्या रेक्को गावची चीज भरलेली पातळ फोकाच्या गरम असतानाच खावी. बाकी पास्ता, पेस्तो सगळीकडे मिळतोच. पेस्तोत चीज असतं, हे कडक व्रतवाल्यांनी ध्यानात घ्यावं. बिलात माणशी टेबलाचा आकार लागतो, ती लूट नव्हे, रीत आहे.

किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, तेव्हा पाण्यात चालायचे बूट हवेत. भरती-ओहोटी जेमतेम, त्यामुळे कोकणच्या माणसाला आधी चुकल्याचुकल्यासारखं होईल. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. 15 दिवस ही शेवटची मर्यादा, पण उन्हाळ्याच्या गर्दीत तेवढ्यावर विसंबू नये. 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

आणि जायचं कधी? मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अवाढव्य कढईत मासे तळून वाटायची इथली रीत आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नावांची मिरवणूक निघते आणि रात्री पाण्यावर हजारो दिवे सोडतात. दोन्ही दिवशी गर्दी असते आणि खोली फार आधी धरावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस टाळावा. मी मात्र ऋतू मोजतो तो तोन्नारेल्लावरून. पुंता कियाप्पाच्या टोकाजवळ एप्रिल ते सप्टेंबर एक जाळं एका जागी रोवलेलं असतं. आपल्या डोल जाळ्यासारखं तेही माशाच्या मागे जात नाही, मासाच त्यात येतो. कोळी ते दिवसातून अनेकदा हातांनी ओढून वर काढतात. शतकानुशतकं चाललेली ही मासेमारी मठाकडे जाणाऱ्या बोटीतून दिसते. हे जाळं विणतात काथ्याचं. जिथे नारळ पिकत नाही, त्या किनाऱ्यावर दरवर्षी नवं जाळं नारळाच्या काथ्याचंच असतं. हंगाम संपला, की ते कापून तळाशी सोडून देतात. काथ्या हळूहळू कुजतो आणि त्याच्यावर मासे पोसतात.