जबड्यातील कृत्रिम अस्थिचूर्ण

धान्याच्या पेढीवर उभे आयुष्य घालविलेल्या आम्हांस जबड्याच्या हाडाविषयी लिहावे लागेल, असे कधी वाटले नव्हते. परंतु दोन वर्षांमागे आमच्या धाकट्या बंधूंच्या खालच्या जबड्यात पाण्याची पिशवी झाली. लहान पोकळी आपोआप भरून येते. ही मोठी होती. ती भरण्यास अस्थिचूर्ण लागेल, असे बेळगावी शल्यविशारदांनी सांगितले. बंधूंनी एवढेच विचारले, "डॉक्टरसाहेब, हे हाड कोणाचे?"

आम्हां जैनांस हा प्रश्न पडावयाचाच. बाजारातील पुष्कळसे चूर्ण गाईबैलांच्या हाडांचे असते. उष्णता व रसायने यांच्या योगे मूळचा मांसल अंश घालवून केवळ खनिज ठेवितात. दुसरा प्रकार पूर्णतः कृत्रिम. आपल्या हाडाचा वजनाने सुमारे दोनतृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांचे खनिज होय. तशाच जातीची द्रव्ये, हायड्रॉक्सीॲपेटाइट व ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, रसायनांपासून तयार करितात. कल्पना जुनीच आहे. जर्मनीत ड्रेसमान यांनी १८९२ साली हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या होत्या. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाशी सांधणारी काच शोधिली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनेही अशी द्रव्ये सिद्ध केली आहेत.

डॉक्टरांनी दाखविलेली कुपी पाहून आम्हांस खसखस आठवली. दाण्यांना सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून व दाण्यांमधील फटींतून रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांमागून नवे हाड. म्हणून चूर्ण ठासून भरीत नाहीत. गच्च भरलेल्या पोत्यात वारा खेळत नाही, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. ट्रायकॅल्शियमचा दाणा लवकर विरतो, हायड्रॉक्सीॲपेटाइटचा वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून दोहोंचे मिश्रण करितात. मिश्रण म्हटले की आम्हांस भेसळ दिसते, पण येथे प्रमाण वेष्टनावर छापलेले होते.

मात्र हे चूर्ण म्हणजे केवळ परांची. बांधकाम शरीरानेच करावयाचे. निपाणीकडे तंबाखूपायी कर्करोग होऊन ज्यांच्या जबड्याचा तुकडाच काढावा लागतो, त्यांचे काम नुसत्या चुर्णाने भागत नाही. तेथे बहुधा रोग्याच्याच पायातील नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून जोडितात.

असो. बंधूंकरिता कृत्रिम चूर्ण मागविले, शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. बिल तपासताना मात्र 'कोलॅजन पडदा' असा शब्द आढळला. चुर्णावर झाकावयाचा हा पडदा जनावराच्या कातडीचा वा आतील त्वचेचा असतो, कृत्रिमही मिळतो. आम्ही चूर्णाविषयी विचारले, पडद्याविषयी नाही. आणि रुग्णालयात कोणीही आपण होऊन सांगितले नाही. बंधू दोन दिवस जेवले नाहीत. तो काही महिन्यांत विरून जातो, असे डॉक्टरांनी समजाविले तेव्हा कोठे त्यांनी ताट पुढे घेतले. वर्षाने काढलेल्या क्ष-किरण चित्रात पोकळी भरलेली दिसली. आता ते त्या बाजूने ज्वारीची भाकरी चावतात. पडद्याची गोष्ट निघाली की मात्र अद्याप उठून जातात.