खोपोलीची वीज आणि घरांतील गणित

आपल्या पनवेलच्या आग्नेयेस, बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोली येथें, घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं आणून सन १९१५ पासून वीज उत्पन्न करितात. ती मुंबईच्या गिरण्यांस सुमारें एक लक्ष व्होल्ट दाबानें पुरविण्यांत आली. एवढा दाब कशासाठीं?

दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध निघतो. दोहोंचा गुणाकार केला असतां शक्ति निघते. समजा, इस्त्री २३० व्होल्टांवर ५ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध २३० ÷ ५ = ४६ ओहम; शक्ति २३० × ५ = १,१५० वॉट.

आतां दहा लक्ष वॉट दूर न्यावयाचे आहेत. साध्या हिशेबानें २३० व्होल्टांवर सुमारें ४,३५० अँपिअर लागतील; एक लक्ष व्होल्टांवर अवघे १०! तारेंत उष्णतारूपानें वायां जाणारी शक्ति म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. यास्तव प्रवाह अल्प, तर नाशहि अल्प.

हाच नियम घरासहि लागू आहे. एकाच तारेवर अनेक उपकरणें जोडून प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. तार जळते, प्रसंगीं घरहि. म्हणून, विद्यार्थ्यांनो, नवें उपकरण जोडण्यापूर्वीं त्यावरील वॉटांस २३० नें भागून येणारे अँपिअर आपल्या वडिलांस अवश्य दाखवा.