कोंबडीचं जातं रिकामं ठेवू नका

फौजेतून निवृत्त होऊन ब्रॉयलर पाळू लागलो, तेव्हा खाद्यात तूस म्हणजे भेसळ, असंच मी समजायचो. ते अर्धसत्य निघालं.

कोंबडीला दात नसतात. तिचं जातं म्हणजे पेषणी. अगदी बारीक खाद्य तिथे न थांबता पुढे सरकतं आणि पेषणी दुबळी राहते. भाताची तुसं किंवा सूर्यफुलाची टरफलं जाडसर ठेवून 2 ते 3 टक्के मिसळली, तर पेषणी बळकट होते, पचन सुधारतं. त्यांचं पीठ केलं, तर हा गुण बराच कमी होतो. प्रमाण फार वाढवलं, तर खाद्यातली ऊर्जा घटते, वजन मागे पडतं. बुरशी लागलेला माल मात्र मुळीच नको. तिचं विष यकृत बिघडवतं.

आधी थोड्या पिल्लांना देऊन, वजन करून पाहा. जय हिंद.