तुतीचा अर्क आणि मेदाचा जमाखर्च

रेशीमशेतीत तुती लावली जाते ती पाल्यासाठी; कीटकांच्या संगोपनाला कोवळी, रसरशीत पाने सतत हवी असतात म्हणून झाडाची वारंवार छाटणी होते, आणि फांदीवर धरलेल्या फळांकडे पाहण्याची शेतकऱ्याला गरज पडत नाही. महाबळेश्वरच्या बाजारात मात्र तीच काळीभोर, बोटांना जांभळा डाग लावणारी फळे लोक हौसेने विकत घेतात. शंभर ग्रॅम ताज्या फळांत सुमारे ८८ ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम साखर आणि उष्मांक अवघे ४३. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात पक्व तूत मधुर, शीतल आणि पचण्यास गुरू असल्याची नोंद केली. परंतु या फळाचा अर्क स्थूलतेवर औषध ठरेल हा दावा आधुनिक प्रयोगशाळांच्या दप्तरांतून आलेला आहे, आणि लठ्ठपणाने गांजलेला माणूस आशेच्या भरात किती पैसा घालवतो हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला तो दावा कसून तपासल्यावाचून राहवणार नाही.

आपल्या शरीरातला बहुतेक मेद पांढरा असतो, आणि शिलकी ऊर्जा साठवणे हेच त्याचे मुख्य काम. दुसरा तपकिरी मेद थोडा असतो, पण त्याच्या पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात, आणि त्यांतील एक विशिष्ट प्रथिन अन्नातली ऊर्जा शरीराच्या कामासाठी राखून न ठेवता सरळ उष्णतेच्या रूपाने खर्ची घालते. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवावी तसा हा व्यवहार आहे. तान्ह्या बालकांना थंडीपासून वाचवणारा हा मेद प्रौढांच्याही मानेत व गळ्याखालच्या हाडांच्या वर कार्यरत असतो, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी निर्विवाद सिद्ध केले, आणि तेव्हापासून त्याला चेतवणाऱ्या द्रव्यांचा शोध जोमाने सुरू झाला.

तुतीकडे लक्ष गेले ते याच ओघात. चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ साली रुटिन हे तुतीत आढळणारे द्रव्य पिण्याच्या पाण्यातून लठ्ठ उंदरांना दिले; त्यांतले काही जन्मतः स्थूल प्रवृत्तीचे होते, तर काही चरबीयुक्त खुराकाने फुगलेले. आहार तोच असताना त्यांच्या तपकिरी मेदाची क्रियाशीलता वाढली, ऊर्जेचा व्यय वाढला, वजन उतरले आणि रक्तशर्करेचे नियमनही सुधारले. तत्पूर्वी २०११ साली तैवानमध्ये चरबीयुक्त खाद्यावर वाढवलेल्या हॅमस्टर प्राण्यांना तुतीच्या फळांचा जलीय अर्क दिला असता त्यांचे वजन व यकृतातील मेदनिर्मिती कमी झाल्याचे दिसले होते. फळाला काळिमा देणारी अँथोसायनिने, विशेषतः सायनिडिन-ग्लुकोसाइड, पेशींच्या प्रयोगांत तपकिरी मेदातल्या तंतुकणिकांची संख्या वाढवतात, असाही दाखला आहे.

पुरावा मोलाचा आहे, पण तो उंदराचा आहे. लहान प्राण्याला देहाची ऊब टिकवण्यासाठी तपकिरी मेदाचा मोठा आधार घ्यावा लागतो, प्रौढ माणसाजवळ त्याचा साठा तुटपुंजा असतो. आणि शुद्ध करून मोजून दिलेले रुटिन म्हणजे ओंजळभर तुती नव्हेत. म्हणून माणसांवरच्या दीर्घ, नियंत्रित चाचण्यांशिवाय या अर्काला औषधाची सनद देणे मला अनुचित वाटते.

त्यातच पान आणि फळ यांची सरमिसळ केली जाते. जपानमध्ये १९७६ साली तुतीच्या मुळाच्या सालीतून डिऑक्सिनोजिरिमायसिन वेगळे काढण्यात आले. ते पानांतही असते, आणि आतड्यातील पिष्टमय पदार्थ फोडणाऱ्या विकरांना अटकाव करून जेवणानंतर चढणारी रक्तशर्करा रोखते. त्याच्याच रचनेवर बेतलेले मिग्लिटॉल मधुमेहावर रीतसर वापरले जाते, आणि पोट फुगणे, जुलाब हे त्याचे परिचित उपद्रव आहेत. म्हणून तुतीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीवर भुकटी फळाची की पाल्याची, आणि तीत कोणते द्रव्य किती, हे छापलेले आहे की नाही ते ग्राहकाने आधी पाहावे. आणि जो मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल त्याने पाल्याचा अर्क वैद्यकीय सल्ल्यावाचून सुरू करू नये, कारण दोन्हींचा परिणाम एकवटून साखर गरजेपेक्षा खाली उतरू शकते.