सहलीसाठी मूत्रपात्र कसे निवडाल?

मुरुडला समुद्रकाठी तंबूत राहायचे, तर रात्री लघवीची सोय काय? ही पंचाईत नको म्हणून कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे घातक आहे. उन्हात घाम जातो, चक्कर येते, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा साधे मूत्रपात्र जवळ ठेवावे. मात्र निवडताना थोडे विज्ञान वापरा.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. म्हणून पात्र एक लिटरचे घ्या. तोंड रुंद हवे. द्रव आत शिरताना आतली हवा बाहेर पडली पाहिजे, नाहीतर तो उसळून सांडतो. मुलींसाठी नरसाळ्यासारख्या तोंडाचे पात्र मिळते.

झाकण फिरकीचे, आत रबरी चकती असलेले हवे. का? बंद पात्र २७ अंश सेल्सिअसवरून उन्हात ५७ अंशांवर गेले, तर केल्व्हिनमध्ये ३०० चे ३३० होतात. म्हणजे आतल्या हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो! घरीच पाणी भरून, उलटे धरून परीक्षा घ्या.

काही पिशव्यांत द्रव शोषणारी भुकटी असते. मूत्रातील क्षारांमुळे तिची शक्ती बरीच घटते. म्हणून ती मिठाच्या पाण्याने तपासा.

पात्र शौचालयातच रिकामे करा. चहूकडे खारा समुद्र असूनही जंजिरा किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. असे पाणी जपायला नको का?